सिंगापूरचा कॅव्हना पूल: बाबांना दाखवायचाय, किती वेळ काढून ठेवू?

आयर्विनकाठ:

नमस्कार. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन चार दिवस सिंगापूरला चाललेय. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांची सगळी नोकरी पुलांच्या कामावर गेली. मोऱ्या, फरशीपूल, दुरुस्त्या, पावसाळ्यात रात्री-अपरात्री उठून पाणी बघायला जाणं. आम्ही सांगलीचे, आमच्या कृष्णेवर आयर्विन पूल आहे. कृष्णेला पाणी चढायला लागलं की गल्लीतला प्रत्येक जण 'आयर्विनला किती फूट झालं?' हे विचारायला आमच्याच दारात यायचा.

सहलीचा कार्यक्रम दाखवला तेव्हा बाबांनी सगळ्याला मान डोलावली आणि एकच गोष्ट मागितली. 'तिथं नदीच्या तोंडाशी इंग्रजांच्या वेळचा लोखंडी पूल आहे. टांगलेला, पण तारांवर नाही, पट्ट्यांवर. तेवढा दाखव.' चाळीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा मासिकात त्यांनी त्याचं रेखाचित्र पाहिलं होतं, ते अजून डोक्यात आहे. शोधाशोध केल्यावर कळलं की तो कॅव्हना पूल. टूरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, 'फोटो पॉइंट आहे मॅडम, दहा मिनिटं उतरवतो.'

पूल खरंच जुना आहे की पाडून तसाच नवा बांधलाय? जवळून बघता येतो का, हात लावता येतो का? बाबांचे गुडघे दुखतात, जिने किती आहेत? आणि आजूबाजूला बसून नदी बघण्यासारखी जागा आहे का? तिथे राहिलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

पूर्वेचावारा:

आम्ही रात्री बोटीतून त्याच्याखालून गेलो. दिव्यांनी उजळलेला, सुंदर दिसतो. पण बोट एकामागून एक पुलांखालून जाते आणि कुठला जुना, कुठला नवा हे आम्हाला कळलंच नाही. तुमच्या बाबांना बोटीतून नका दाखवू, चालत न्या. खालून लोखंड दिसतं खरं, पण क्षणभरच.

ठाकुरद्वार:

दहा मिनिटांत परत चढवणार असतील तर त्या बसने जाऊ नका. एक अख्खी सकाळ ठेवा.

मी त्या पुलावरून अकरा वर्षं रोज दोनदा चालत गेले. ऑफिस रॅफल्स प्लेसला होतं आणि माझी बस नदीच्या पलीकडे, एम्प्रेस प्लेसच्या बाजूला थांबायची. मी इमारतींच्या दुरुस्तीतली इंजिनियर, त्यामुळे पहिल्या दिवसापासून नजर जोडांवरच जायची. तुमच्या बाबांचीही तिथेच जाईल.

आधी तुमचे प्रश्न. पूल खराच आहे. १८६९-७० चा. १९८७ मध्ये मोठी डागडुजी झाली, पण सांगाडा तोच. आता तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. एके काळी त्यावरून गाड्या जायच्या, त्यामुळे रस्त्याच्या पातळीतूनच वर जाता येतं, गुडघ्यांना त्रास नाही. आणि हात लावता येतो. पट्ट्या मनोऱ्यावरून तिरक्या खाली उतरतात आणि कठड्याजवळ अगदी हाताशी येतात. रिव्हेटच्या गोल टोप्यांवरून बोट फिरवता येतं. वर्षानुवर्षं चढवलेल्या रंगाच्या थरांखालीसुद्धा एकेक टोपी वेगळी लागते.

बाबांना ते रेखाचित्र का लक्षात राहिलं असेल याचा माझा अंदाज सांगते. साध्या झुलत्या पुलात मुख्य साखळी कमानीसारखी लोंबते आणि तिला उभ्या दांड्यांनी खालचा रस्ता टांगलेला असतो. वजन एका जागी आलं की साखळी आकार बदलते आणि पूल हलतो. कॅव्हनामध्ये मनोऱ्याच्या डोक्यावरून सरळ तिरक्या पट्ट्या निघतात आणि थेट रस्त्याच्या तुळईला ठिकठिकाणी धरतात. सरळ पट्टीला आकार बदलायला वाव नसतो, म्हणून पूल ताठ राहतो. या पद्धतीला ऑर्डिश-लफेव्हर पद्धत म्हणतात, १८५८ चं पेटंट. लंडनचा आल्बर्ट पूल याच पद्धतीचा, पण तो १८७३ चा, म्हणजे सिंगापूरचा त्याच्या आधीचा. प्रागमध्ये १८६८ साली असाच एक बांधला होता, तो आता नाही. आज आपण ज्यांना केबल-स्टेड म्हणतो त्या पुलांचा विचार या पट्ट्यांमध्ये आधीच दिसतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू बाबांनी पाहिला असेल, तर त्याच्या तिरक्या केबल डोळ्यांसमोर आणून इथे उभं राहायला सांगा.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले ती. हा ऑर्डिश, रोलंड मेसन ऑर्डिश, आपल्याला परका नाही. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, म्हणजे आताचं एस्प्लनेड मॅन्शन, त्याच्या लोखंडी सांगाड्याचा आराखडा याच माणसाचा. तो सांगाडाही १८६० च्या दशकातला आणि तोही इंग्लंडात ओतून, सुटे भाग जहाजात घालून मुंबईत आणून उभा केलेला. १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती त्याच इमारतीत. माझं कॉलेज तिथून चालत पाच मिनिटांवर होतं. तीन वर्षं मी त्या इमारतीच्या सावलीतून गेले आणि तिच्या खांबांकडे एकदाही नीट पाहिलं नाही. सिंगापूरला आल्यावर, कॅव्हना पुलाबद्दल वाचताना, ऑर्डिशच्या कामांमध्ये वॉटसनचं नाव दिसलं आणि मी जेवणाच्या सुट्टीत उठून परत पुलावर गेले. एका दशकात, एका माणसाच्या कागदावरून, एक लोखंड मुंबईला उतरलं आणि एक सिंगापूरला. सिंगापूरच्या लोखंडाला रंग मिळत राहिला, २०१९ मध्ये तो पूल राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला. त्याच २०१९ मध्ये वॉटसनची इमारत धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. मला याचं मनापासून वाईट वाटतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पुलाच्या दोन्ही टोकांना एक जुनी पोलिसी सूचना अजून आहे. भरलेलं वजन तीन हंड्रेडवेटपेक्षा जास्त असलेल्या गाडीला आणि गुराढोरांना, घोड्यांना बंदी. तीन हंड्रेडवेट म्हणजे साधारण १५२ किलो. बाबांना ती पूर्ण वाचू द्या. फलकांसमोर गर्दी करून फोटो काढणारे असतात, सकाळी आठच्या आधी गेलात तर कुणी नसतं, आणि ऊनही सोसवतं.

आयर्विनकाठ:

ठाकुरद्वार ताई, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. वॉटसनच्या ओळीला त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला लावली.

त्यांचे दोन प्रश्न आहेत, तसेच लिहिते. पहिला: 'एवढा ताठ पूल बांधला, मग वजनाला बंदी कशाला?' दुसरा: 'नदीच्या तोंडावर पूल आहे, तर भरतीला होड्या खालून कशा जात होत्या? पाण्यापासून उंची किती?'

ठाकुरद्वार:

पाणी बघण्यात आयुष्य गेलेला माणूसच दुसरा प्रश्न विचारणार.

उत्तर असं, की भरतीला जात नव्हत्या. आधी हा पूल उचलता यावा असा विचार होता, पण शेवटी तो एका जागी स्थिरच राहिला, आणि तोही बुटका. भरती आली की मालाचे पडाव, म्हणजे मालवाहू होड्या, खालून निघू शकत नसत, ओहोटीची वाट बघत थांबावं लागे. आता हे डोळ्यांसमोर आणायचं तर आजचं सिंगापूर पुसून टाकावं लागतं. पुलाच्या पुढे आज जी मरीना बे दिसते, तिच्या भोवतीची जमीन भराव टाकून केलेली आहे. पूल बांधला तेव्हा नदी थेट समुद्राला मिळायची. मोठी जहाजं बाहेर नांगरून उभी असायची आणि पडाव त्यांच्यावरचा माल घेऊन पुलाखालून आत शिरायचे, 'बोट की' नावाच्या धक्क्यावरच्या गोदामांकडे. म्हणजे अख्ख्या बंदराचा व्यापार ज्या दारातून आत यायचा त्याच दाराची चौकट कमी उंचीची झाली.

त्या पडावांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळे रंगवलेले असायचे, वाट दिसावी म्हणून. १९८३ मध्ये ते सगळे इथून पासिर पांजांगला हलवले. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं नदी साफ करण्याचं काम चाललं, त्यातलाच तो भाग. माझ्याबरोबर काम करणारे एक वयस्कर चिनी गृहस्थ लहानपणी बोट कीजवळ राहत होते. ते म्हणायचे, त्या वेळी पूल दिसण्याआधी नदीचा वास यायचा, आणि एका काठावरून दुसऱ्या काठावर होड्यांवरूनच चालत जाता येईल इतकी दाटी असायची.

वजनाचं कारण साधं आहे, व्यापार पुलापेक्षा वेगाने वाढला. बैलगाड्या, रिक्षा, घोडागाड्या, सगळ्यांचा भार त्या एका पुलावर. म्हणून समुद्राच्या बाजूला, अगदी शेजारी, १९१० मध्ये अँडरसन पूल झाला. खरं तर तो झाल्यावर कॅव्हना पाडायचं चाललं होतं. पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला, म्हणून आज आपल्याला दिसतोय. अँडरसनवर तीन पोलादी कमानी आहेत, तोही बघा. त्यावरून आता फॉर्म्युला वनच्या गाड्या धावतात. जपानी अमलात मात्र त्याच पुलावर माणसांची कापलेली मुंडकी लोकांना धाक बसावा म्हणून लावली होती. मला तिथून जाताना हे आठवल्याशिवाय राहत नसे.

आणि बाबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे ते भरतीची खूण शोधत बसतील. २००८ मध्ये खाडीच्या तोंडावर मरीना बराज हा बंधारा झाला. समुद्र बाहेर अडवला आणि आतलं पाणी गोडं करून साठवायला सुरुवात केली. पुलाखाली आता भरती येतच नाही.

नांगर:

मी जहाजावर नोकरी करतो, सिंगापूरला बऱ्याचदा उतरलोय. ताईंनी छान लिहिलंय. एक भर घालतो आणि एक शंका विचारतो.

भर अशी, की ज्याच्या नावाचा पूल आहे तो कर्नल ऑर्फर कॅव्हना हा हिंदुस्थानातल्या फौजेतला अधिकारी. १८४३ च्या डिसेंबरमध्ये महाराजपूरची लढाई झाली, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी. त्या लढाईत त्याचा एक पाय गेला. पुढे तो सिंगापूरचा गव्हर्नर झाला, १८५९ ते १८६७. हिंदुस्थान सरकारच्या हाताखालचा तिथला शेवटचा गव्हर्नर तोच. म्हणजे शिंद्यांच्या तोफखान्यासमोर पाय गमावलेल्या माणसाच्या नावाच्या पुलावरून रोज हजारो माणसं पायी चालतात. पुलावर त्याच्या घराण्याचं चिन्हही आहे, ते मान वर करून बघा.

शंका अशी. मी तिथे कुणाकडून तरी ऐकलं की हा पूल हिंदुस्थानी कैद्यांनी बांधला. पण लोखंड तर ग्लासगोहून आलं, आराखडा इंग्रजांचा. मग कैद्यांनी बांधला असं म्हणणं ओढूनताणून नाही का?

ठाकुरद्वार:

नांगर, महाराजपूरची गोष्ट मला माहीत नव्हती. आता पुढच्या वेळी ते चिन्ह वेगळ्या नजरेने बघेन.

तुमच्या शंकेबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लोखंड ग्लासगोच्या पी अँड डब्ल्यू मॅक्लेलन यांच्याकडचं, हे बरोबर. पण सुटे भाग धक्क्यावर उतरले म्हणजे पूल झाला असं नाही, हे तुमच्यासारख्या जहाजावरच्या माणसाला मी काय सांगावं. तो इथे उभा झाला तो बंद्यांच्या मजुरीवर, आणि हिंदुस्थानी बंद्यांच्या हातून झालेलं सिंगापुरातलं शेवटचं मोठं काम म्हणून त्याची नोंद होते. मला यात ओढूनताणून काही वाटत नाही.

१८२५ पासून इथे आपल्याकडचे बंदी येत होते. बंगालमधून, मद्रासमधून आणि आपल्या मुंबई इलाख्यातून. आपण काळं पाणी म्हटलं की अंदमानच आठवतो, पण अंदमानच्या आधी सिंगापूर, पिनांग, मलाक्का ही काळ्या पाण्याचीच ठिकाणं होती. जंगल तोडणं, रस्ते करणं, विटा भाजणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्यावर देखरेख करणारेही बहुतेक त्यांच्यातलेच, चांगल्या वागणुकीवर वर चढलेले. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांनी बांधलं, १८६२ चं. त्याच्या भिंतींना मद्रासी पद्धतीचा चुना आहे. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, जाडी साखर, आणि नारळाच्या सोडणाच्या पाण्यात कालवलेलं मिश्रण. आतल्या भिंतीवर हात फिरवलात तर अजून गुळगुळीत लागते. राष्ट्राध्यक्षांचा इस्ताना वाडा, तोही त्यांच्याच हातचा. १८६७ मध्ये सिंगापूर हिंदुस्थान सरकारकडून काढून थेट लंडनच्या अमलाखाली गेलं आणि १८७३ मध्ये हा बंदीखाना संपला. पूल या दोन सालांच्या मधला आहे.

पूल तयार झाल्यावर त्याची चाचणी घेतली तीसुद्धा आपल्या माणसांना चालवून. १२० शिपायांची एक तुकडी, खांद्याला खांदा लावून, त्यावरून नेली. मी संध्याकाळी सहाच्या गर्दीत पुलावरून जाताना कितीदा तरी त्या १२० जणांचा विचार केलाय. पूल टिकतो का हे बघायला पहिल्यांदा ज्यांना पाठवलं, त्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल?

पुलावर कॅव्हनाचं नाव आहे, ग्लासगोच्या कारखान्याचं नाव आहे. बंद्यांपैकी एकाचंही नाव नाही. म्हणून मी कुणालाही हा पूल दाखवायला नेलं की मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून हे सांगते.

आयर्विनकाठ, तुमच्यासाठी सकाळचा बेत सांगते. रॅफल्स प्लेस स्टेशनला उतरा. फुलर्टनच्या बाजूने या, ती १९२८ ची इमारत, पूर्वी तिथे मोठं पोस्ट होतं, आता हॉटेल आहे. पुलाच्या पायथ्याशी मुलं नदीत उड्या मारतायत असं एक ब्राँझचं शिल्प आहे, आई त्यापाशी रमतील. मग पूल ओलांडा, घाई न करता. पलीकडे झाडांखाली बाक आहेत. ऊन चढलं की तिथेच एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये शिरा. ती इमारतही बंद्यांच्या मजुरीची, आणि आत बेलिटुंगजवळ बुडालेल्या नवव्या शतकातल्या जहाजावरची चिनी भांडी आहेत, हजारोंनी. तिथून अँडरसन पुलाच्या बाजूने एस्प्लनेड पार्कमध्ये चालत जाता येतं. आझाद हिंद सेनेचं स्मारक जिथे होतं ती जागा तिथे आहे. नेताजींनी ८ जुलै १९४५ ला पायाभरणी केली, आणि इंग्रज परत आल्यावर सप्टेंबरमध्ये ते स्मारक पाडून टाकलं. १९९५ मध्ये तिथे खुणेचा फलक लावला.

वेळ उरलाच तर नदीच्या वरच्या अंगाला एल्गिन पूल आहे. आताचा जो आहे तो १९२९ चा.

आयर्विनकाठ:

१९२९! आमचा आयर्विनही १९२९ चाच. बाबांना हे सांगितल्यावर एल्गिन पुलाचं नाव त्यांनी स्वतः डायरीत लिहून घेतलं.

आयर्विनकाठ:

परवा परत आलो. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

सकाळी पावणेआठला पुलावर पोहोचलो. मी एक सकाळ ठेवली होती, बाबांनी दोन घेतल्या. पहिल्या दिवशी ते चढलेच नाहीत. आधी काठावरून, बाजूने पूल बघत उभे राहिले. मग काठाकाठाने थोडे पुढे, मग मागे. आई शिल्पातल्या मुलांपाशी बसली होती. मी विचारलं, 'चलायचं ना वर?' तर म्हणाले, 'थांब, आधी तो उभा कसा आहे ते बघू दे.'

वर गेल्यावर एका तिरक्या पट्टीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. पळत जाणारी दोन-चार मंडळी आली, त्यांच्या पावलांचा ठोका पट्टीतून हाताला लागतो का ते बघत होते. म्हणाले, 'लागतोय. बारीक, पण लागतोय.' मीही हात ठेवला. लागत होता.

सूचनेचा फलक त्यांनी दोनदा वाचला, दोन्ही टोकांचा. ताई, तुमचं ते १२० शिपायांचं मी मनोऱ्याशी उभं राहून सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नोकरीत असताना नव्या पुलावर वाळूने भरलेले ट्रक उभे करून ते चाचणी घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी ट्रक उभा करून ड्रायव्हरला खाली उतरवायचे. 'माणूस आत ठेवायचा नाही, हा माझा नियम होता,' म्हणाले. हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

भरतीचं आधी सांगून ठेवलं होतं तरी त्यांनी काठाचे दगड निरखून पाहिलेच. जुनी खूण कुठे दिसते का म्हणून. पाणी अगदी स्थिर होतं. दुसऱ्या दिवशी परत आलो तर पुन्हा त्याच दगडाकडे बघितलं, काल होतं तिथेच. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा ते निवृत्त असूनही रात्रभर जागे होते. 'इथल्या माणसाला रात्री झोप लागत असेल,' एवढंच म्हणाले.

एस्प्लनेड पार्कमधल्या फलकासमोर त्यांनी चपला काढल्या. मी काही बोलले नाही, मीही काढल्या.

एल्गिन पूल त्यांना फार आवडला असं नाही. पण त्याच्यासमोर उभं राहून मला त्यांचा फोटो काढायला लावला, कारण परत गेल्यावर आयर्विनवर तसाच दुसरा काढायचा आहे.

मुंबईला पहाटे उतरलो. सांगलीची गाडी रात्रीची होती, दिवसभर मावशीकडे आराम करायचं ठरलं होतं. टॅक्सीत सामान ठेवून झाल्यावर बाबा पुढच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, 'आधी काळा घोडा.'